गिलनी

रात्री अडीच ते चार. एवढाच वेळ दिला होता आम्हाला,
उड्डाणपुलावरचे ट्रेलर जरा विरळ होतात तेव्हा.
माहीमच्या खाडीकाठी, तिवरांच्या मागे, भरावाच्या जमिनीत
चोवीस जिओफोन एका ओळीत रोवले:
बोटभर खिळा, वर नारिंगी बोंड,
पाच-पाच मीटरांवर.
जमिनीला लावलेले कान म्हणावं तर म्हणावं.
मी म्हणत नाही. कान ऐकून विसरतात.

बळवंत गायसमुद्रे घण उचलतो. आठ किलोचा.
खाली जाड पोलादी थाळी.
उदगीरकडे दगड फोडलेत त्याने,
तो घण मारत नाही, सोडतो.
"मॅडम, मारू?"
"थांब, कुत्रं चाललंय."
पडद्यावर कुत्र्याची पावलं तिरकी उमटतात,
मग रेषा निजतात.
"मार."

एकाच जागी आठ घाव.
आठही एकमेकांवर रचायचे:
गोंगाट स्वतःलाच खोडत जातो
आणि खरं असेल तेवढं दर घावाला जाड होतं.
हे गणित आहे. माणसांत चालत नाही,
मी करून पाहिलंय.

भरावात आवाज ठेचकाळतो. विटा, चपला,
कुणाच्या तरी पाडलेल्या भिंतीचा निळा गिलावा.
त्याखालच्या चिखलात तो पाण्याच्या चालीने जातो,
आणि काळा पाषाण लागला की सुसाट,
लांबच्या वाटेने जाऊन आधी पोचतो.

नकाशात पाषाण बावीस मीटरांवर धरलेला.
पहिल्या नऊ ठिकाणी तसाच होता, सांगितल्या जागी बसलेला.
दहाव्याला आवाजाला उशीर झाला.
अकराव्याला आणखी.
मी केबल तपासली. बॅटरी तपासली. बळवंतकडे पाहिलं.
तो थाळीकडे पाहत होता,
तीच काही लपवत असल्यासारखा.
सव्वीस. तेहतीस. एकेचाळीस.
पाषाण हरवला नव्हता, खाली उतरत होता,
घाटाच्या पायऱ्या उतरावं तसा, पाण्याकडे.

समुद्र दूर होता तेव्हा इथून एक नदी गेली.
बेटं नव्हती. टेकड्या होत्या नुसत्या,
आणि त्या नदीला नाव ठेवायला कुणी नव्हतं,
नावं ठेवायलाही.

कठड्याशी पोशा नाखवा कधीचा उभा.
झोप लागत नाही म्हणे, ऐंशीनंतर.
"काय शोधता?"
"दगड."
"आथं नाय गावाचा."
काठीने जागा दाखवली: दहा आणि सोळाच्या मध्ये.
आम्ही अजून आकडे कुणाला सांगितले नव्हते.
"डोलीचा खुंट आथं बसाचाच नाय.
ठोकला का खाली, ठोकला का खाली.
माज्या बापाशीचे तीन ताडाचे खुंट गिललेत हिनं.
गिलनी म्हनतांव हिला."

बळवंतने घण खाली ठेवला. हळूच,
थाळीवर नाही, बाजूच्या मातीत.

अहवालात मी लिहिलं: पुरलेली दरी, स्थानिक नाव गिळणी.
वरून दुरुस्ती आली: पुरलेली दरी क्र. ३.
पहिली आणि दुसरी कुठे आहेत
मला अजून माहीत नाही.
खांब एकोणीस मीटरांनी लांबला,
त्यावर तीन बैठका झाल्या, चहा गार होता.

पण नोंद चारशे सतरा माझ्याकडे आहे.
तीत घाव नाही.
चार वाजून गेले होते, बळवंत घण पुसत होता,
मी यंत्र बंद करायचं विसरले
आणि पोशा नाखवा ओळीला धरून घरी निघाला, अनवाणी.
पहिल्या रेषेवर बारीक उसळी, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या,
मध्येच काठीचा टोकदार ठिपका.
नवव्याशी तो थांबलाय.
तिथून सोळापर्यंत पावलं जपून, जवळजवळ,
ओल्या होडीत चालावं तशी.
मग पुन्हा आपल्या नेहमीच्या चालीने
चोविसाच्या पलीकडे,
जिथे माझी तार संपते.